परत आलेल्या पत्राचा इतिहास : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात एक विचार

१. विषयप्रवेश

पाठविलेले पत्र परत यावे, ही गोष्ट टपालाइतकीच जुनी आहे. परंतु ते परत का येते, या प्रश्नाचे उत्तर मात्र काळाबरोबर बदलत गेलेले दिसते. कागदी टपालाच्या काळात पत्र परत येई ते बहुधा घेणाऱ्याचा ठावठिकाणा न लागल्यामुळे. आज ई-मेलच्या काळात घेणाऱ्याचा पत्ता अगदी बिनचूक असूनही पत्र नाकारले जाते, आणि त्याचे कारण पुष्कळदा पाठविणाऱ्याच्या नावात दडलेले असते. शाळा, पतसंस्था, ग्रंथालये, लहान कारखाने यांच्या कचेऱ्यांतून ‘आमचे ई-मेल बाहेर जात नाहीत’ ही तक्रार वारंवार ऐकू येते. मग संगणक बदलून पाहतात, इंटरनेटची जोडणी तपासतात, घेणाऱ्याला दूरध्वनी करून त्याचा पत्ता पुन्हा विचारतात. संस्थेच्या डोमेन-नावाची नोंद मात्र सहसा कोणी उघडून पाहत नाही.

हा विषय तंत्रज्ञांचा समजला जातो. तथापि नाव कोणते, ते कोणाचे, आणि ते त्याचेच आहे हे कोणाच्या साक्षीने मानावयाचे, हे प्रश्न मुळात भाषेच्या अभ्यासकाचे आहेत. प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा इतिहास थोडक्यात मांडण्याचा विचार आहे. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हा परिसर निवडला आहे. एकाच नावाची दोन गावे, एकाच गावाची अनेक लेखनरूपे, आणि गाव जागच्या जागी असता त्याच्या जिल्ह्याचे बदललेले नाव, अशा नामविषयक अडचणींचे सर्व प्रकार या लहानशा मुलखात एकत्र आढळतात.

२. शिक्का आणि मोर्तब

प्रथम इंग्रजी अमदानीपूर्वीच्या पत्रव्यवहाराकडे पाहणे इष्ट होईल. मराठेशाहीतील मोडी पत्रे जासूद किंवा कासीद यांच्या हाती जात. पत्र नेणारा माणूस घेणाऱ्याला शोधून काढी. त्यामुळे आजच्या अर्थाने पत्ता लिहिण्याची गरज फारशी नव्हती. पत्राच्या आरंभी मायना असे. घेणाऱ्याची पदवी, पाठविणाऱ्याचे त्याच्याशी नाते आणि दोघांचा दर्जा या मायन्यातून कळे.

खरी अडचण निराळीच होती. हे पत्र ज्याच्या नावाने आले आहे त्याचेच आहे काय, आणि वाटेत त्यात कोणी अक्षर घातले नाही ना? पत्रावरील हस्ताक्षर कारकुनाचे असे; धन्याचे क्वचितच. म्हणून शिक्क्याची योजना होती. पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले हे शिक्का सांगे. मजकूर संपला तेथे मोर्तब उमटवीत. मोर्तबाचा अर्थ इतकाच, की मर्यादा येथे झाली, याखाली जे असेल ते आमचे नव्हे. कागदाचे बंद एकमेकांस चिकटवून लांब पत्र केले असेल, तर सांध्यावरही शिक्का उमटविण्याची पद्धत होती, म्हणजे मधला बंद काढून दुसरा घालता येऊ नये.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. पाठविणाऱ्याच्या अधिकाराची ग्वाही ही एक, आणि मजकूर अखंड असल्याची ग्वाही ही दुसरी. पुढील काळात या दोन्ही ग्वाही सर्वसामान्य टपालातून गळून पडल्या, आणि एकविसाव्या शतकात त्यांना निराळ्या रूपाने परत आणावे लागले.

३. एका नावाची दोन गावे

१८५४ साली हिंदुस्थानातील टपालखात्याची नव्याने घडी बसली. त्याच वर्षी सर्व देशात चालणारी तिकिटे निघाली, आणि अंतर कितीही असले तरी वजनावर ठरणारा एकच दर लागू झाला. त्यामुळे पत्र पाठविणे ही सामान्य माणसाच्या आवाक्यातली गोष्ट झाली. परंतु पत्र नेणारा आणि पाठविणारा यांची ओळख राहिली नाही. पेटीत पत्र टाकणारा कोण, हे टपालखाते विचारीत नसे. तिकीट लावलेले असले म्हणजे पुरे. आता सारा भार पत्त्यावर आला.

पत्ता म्हणजे नावांची ओळ. आणि नावे, विशेषतः परक्या लिपीत लिहिलेली नावे, स्थिर नसतात. बोरघाटाच्या पायथ्याशी असलेले खोपोली हे याचे चांगले उदाहरण होय. १८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी या गावापर्यंत येऊ लागली. १८६३ साली घाटातील लोहमार्ग खुला होईपर्यंत येथे उतरून पुढे घाटरस्त्याने खंडाळ्यास चढावे लागे. त्या काळच्या इंग्रजी लेखनात हे गाव ‘कँपूली’ अशा उच्चाराच्या रूपाने येते, आणि त्या रूपाचीही स्पेलिंगे एकाहून अधिक आहेत. मराठी माणूस ‘खोपोली’ म्हणत होता, इंग्रज अंमलदार ‘कँपूली’ लिहीत होता, आणि गाव एकच होते. ‘ख’ या महाप्राण वर्णाचा ‘क’ झाला, आणि मूळ उच्चारात नसलेले अनुनासिक आत शिरले. परक्या कानाने ऐकलेले नाव परक्या लिपीत उतरले म्हणजे असे फरक पडतातच.

याच्या उलट प्रकार कर्जतचा. येथे नाव एक आणि गावे दोन. एक कर्जत भोरघाटाखाली, मुंबई-पुणे लोहमार्गावर. दुसरे घाटावर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. दोन्ही तालुक्यांची ठाणी आहेत. नुसते ‘मु. पो. कर्जत, ता. कर्जत’ असे लिहिले तर पत्र कोणत्या कर्जतला न्यावे, हे टपाल वाटून लावणाऱ्याने कसे ओळखावे? तेव्हा ‘जि.’ हा तिसरा शब्द आवश्यक ठरतो. परंतु तोही कायम नव्हता. एकोणिसाव्या शतकात कोकणातले कर्जत ठाणे जिल्ह्यात होते. पुढे ते कुलाबा जिल्ह्यात गेले. आणि १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचेच नाव रायगड झाले. घाटावरच्या कर्जतचा अहमदनगर जिल्हा २०२४ साली अहिल्यानगर झाला. गावे तसूभर हलली नाहीत. त्यांचे पत्ते मात्र बदलले.

तालुक्यांच्या खाली उतरले तर हीच गोष्ट पुन्हा दिसते. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात ‘ठाकूरवाडी’ हे नाव एकाहून अधिक वस्त्यांना आहे. कोणत्या गावची ठाकूरवाडी, हे सांगितल्यावाचून त्या नावाने वस्ती निश्चित होत नाही. म्हणजे नाव एकटे पुरेसे नसते. ते कोणाच्या अंतर्गत आहे, हे सांगितले म्हणजेच ते एकमेव होते. मराठी पत्त्यातील ‘मु., पो., ता., जि.’ ही अक्षरे हेच काम करतात. त्यातही एक बारकावा आहे. पुष्कळ खेड्यांना स्वतःचे टपालघर नसते. तेव्हा ‘मु.’ पुढे एक नाव येते आणि ‘पो.’ पुढे दुसरे. माणूस एका गावी राहतो, त्याचे टपाल दुसऱ्या गावी उतरते. हा भेद पुढे उपयोगी पडेल.

ज्या पत्रांचा ठिकाणा लागत नसे, ती डेड लेटर ऑफिसात जात. पुढे त्या कचेरीला रिटर्न्ड लेटर ऑफिस असे नाव मिळाले. तेथे पत्र उघडून पाठविणाऱ्याचा पत्ता शोधीत आणि पत्र परत करीत. पाठविणाऱ्याचे नाव टपालखात्याच्या विचारात येई ते या शेवटच्या पायरीवर.

४. आकड्याने केलेली सोडवणूक

या गोंधळावर भारतात जो उपाय निघाला, त्याचे श्रेय एका मराठी माणसाकडे जाते. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अतिरिक्त सचिव श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिन कोडची योजना आखली, आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती अमलात आली. वेलणकर हे संस्कृतचे कवी होते. शब्दावर प्रभुत्व असलेल्या माणसाने शब्दांच्या संदिग्धतेवर आकड्यांचा तोडगा काढावा, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. सारखी ग्रामनामे, चुकीचे पत्ते आणि अनेक भाषा-लिप्या ही त्या योजनेमागील प्रमुख कारणे होती.

पिन कोडचे सहा अंक असतात. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल-वर्गीकरणाचा जिल्हा, आणि शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष टपालघर. कोकणातल्या कर्जतचा अंक ४१०२०१, खालापूरचा ४१०२०२, खोपोलीचा ४१०२०३. घाटावरच्या कर्जतचा मात्र ४१४४०२. दोन कर्जतांतील भेद तिसऱ्या अंकालाच स्पष्ट होतो. पुढचे नाव वाचण्याचीही गरज राहत नाही. कुलाब्याचे रायगड झाले, नगरचे अहिल्यानगर झाले, तरी या अंकांना त्याची झळ लागली नाही.

येथे नाव चंचल आणि अंक स्थिर आहे. इंटरनेटवर याच्या नेमके उलट घडले.

५. टिंबांनी जोडलेली नावे

इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवर प्रत्येक यंत्राला क्रमांक होता. तो लक्षात ठेवणे कठीण, म्हणून यंत्रांना नावे दिली गेली. नावे आणि क्रमांक यांची एकच यादी कॅलिफोर्नियातील ‘एसआरआय’ या संशोधनसंस्थेत ठेवलेली असे. एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळीत. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये ‘@’ या चिन्हाने व्यक्तीचे नाव आणि यंत्राचे नाव जोडले, आणि ई-मेलच्या पत्त्याला आजचे रूप आले. परंतु यंत्रे वाढली तशी एक यादी अपुरी पडू लागली. एकाच नावाची दोन यंत्रे असू नयेत, हे साऱ्या जगासाठी एका कचेरीने पाहावे, हे शक्य राहिले नाही.

१९८३ च्या नोव्हेंबरात पॉल मोकापेट्रिस यांनी यावर जी योजना मांडली, ती डोमेन नेम सिस्टिम होय. तिचे तत्त्व आपल्या मराठी पत्त्याला अपरिचित नाही. विशिष्ट नाव आधी, व्यापक नाव नंतर, मध्ये ‘मु., पो., ता., जि.’ ऐवजी टिंबे. ‘कखग.इन’ असे नाव घेतले, तर ‘इन’ हे भारताचे आणि ‘कखग’ हे त्याच्या अंतर्गत असलेल्या एका संस्थेचे. आपल्या अंतर्गत नावांची नोंदवही ज्याची त्याने सांभाळावी, ही या योजनेतील मर्माची गोष्ट. त्यामुळे दोन ठाकूरवाड्या सुखाने नांदू शकतात. मात्र आपली वही नीट ठेवण्याची जबाबदारीही ज्याची त्याच्यावर आली.

१९८६ साली या वहीत पत्रांसाठी खास नोंद आली. तिला एमएक्स म्हणतात. ‘या नावाने आलेली पत्रे अमुक सर्व्हरवर उतरवावीत’, असे ती सांगते. संस्थेचे संकेतस्थळ एका सर्व्हरवर आणि तिचे टपाल दुसऱ्याच ठिकाणी, ही व्यवस्था तिने शक्य झाली. आपल्याकडील ‘मु.’ आणि ‘पो.’ यांच्यातील भेद तो हाच.

भारताची ‘इन’ ही शाखा १९८९ मध्ये नोंदली गेली, आणि तिचा कारभार प्रथम मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होता. त्या काळात शिक्षणसंस्था ईआरनेट या शैक्षणिक जाळ्याच्या आश्रयाने बोलत. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेचा पत्ता १९९० च्या दशकात ‘आयुका.ईआरनेट.इन’ असा असे. आज तो ‘आयुका.इन’ आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांना इंटरनेट खुले केले, आणि २००५ च्या आरंभी ‘इन’ची नवी नोंदणी-व्यवस्था आल्यावर लहान संस्थांनाही स्वतःचे नाव घेणे सोपे झाले.

पिन कोडमध्ये अंक स्थिर राहिला आणि नाव बदलले. येथे नाव स्थिर राहते आणि मागचा आयपी क्रमांक बदलतो. संस्थेने सर्व्हर पुरविणारी कंपनी बदलली की क्रमांक बदलला, नाव तेच. नाव आणि क्रमांक यांचा सांधा नोंदवहीत असतो. सर्व्हर बदलला आणि वही जुनीच राहिली, तर नाव आणि नामी यांची फारकत होते. परत येणाऱ्या ई-मेलांचे एक मोठे कारण हे आहे.

६. उसन्या नावाची पत्रे

ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नेण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले. त्या नियमांत पाठविणारा जे नाव सांगेल ते खरे मानले जाई. लाल पेटीत पत्र टाकणाऱ्याला कोणी नाव विचारीत नसे, तसेच हे होते. त्या वेळी जाळ्यावर माणसे थोडी आणि बहुतेक परस्परांच्या ओळखीची होती, म्हणून हा विश्वास चालून गेला. अर्थात १९७८ सालीच एका संगणक-कंपनीच्या विक्रेत्याने अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना न मागितलेली जाहिरात पाठविली होती. परंतु त्याने निदान स्वतःचे नाव वापरले होते. पुढे दुसऱ्याचे नाव धारण करून पत्रे पाठविणाऱ्यांचा सुळसुळाट झाला. बँकेच्या नावाने खातेक्रमांक मागणारे पत्र पाठविण्यास बँकेशी काही संबंध असण्याची गरज नव्हती.

मग शिक्का आणि मोर्तब यांची गरज पुन्हा भासली. एसपीएफ ही पद्धत २००३ च्या सुमारास मेंग वेंग वाँग यांनी पुढे आणली. तीत नावाचा मालक आपल्या नोंदवहीत जाहीर करतो, की आपल्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार अमुक सर्व्हरांना आहे, इतरांना नाही. २००७ मध्ये डीकिम ही पद्धत प्रमाण झाली. तीत पत्र निघताना त्यावर गणिती सही होते. ती पडताळण्याची किल्ली नोंदवहीत सर्वांना पाहता येते. वाटेत मजकूर बदलला की सही जुळत नाही. एसपीएफ हा शिक्का म्हटला, तर डीकिम हे मोर्तब होय. एखाद्या मंडळाच्या सामाईक पत्रयादीने पत्राच्या तळाशी आपली ओळ जोडली की डीकिमची सही अनेकदा मोडते. मोर्तबाखाली कोणी मजकूर लिहावा, असेच ते होय.

तिसरी पद्धत डीमार्क. ती २०१२ मध्ये जाहीर झाली, आणि २०१५ मध्ये तिचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. ई-मेलला पाठविणाऱ्याची दोन नावे असतात: एक पाकिटावरचे, जे सर्व्हर वाचतात, दुसरे पत्राच्या माथ्यावरचे, जे माणूस वाचतो. एसपीएफ पाकिटावरचे नाव तपासते. ठकाने पाकिटावर स्वतःचे आणि माथ्यावर बँकेचे नाव घातले तर? डीमार्कचा आग्रह असा, की माथ्यावरचे नाव शिक्क्याशी किंवा मोर्तबाशी जुळले पाहिजे. आणि न जुळल्यास पत्र घ्यावे, बाजूस ठेवावे की नाकारावे, हेही नावाच्या मालकानेच सांगून ठेवावे. २०१४ च्या एप्रिलात याहूने आपल्या नावासाठी ‘नाकारावे’ असे जाहीर करताच जगभरच्या पत्रयाद्यांतून जाणारी प्रामाणिक पत्रेही परत येऊ लागली.

२०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल व याहू यांनी या गोष्टी सक्तीच्या केल्या. दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे जीमेलकडे पाठविणाऱ्यास तिन्ही पद्धती आवश्यक झाल्या. थोडी पत्रे पाठविणाऱ्यासही एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक तरी असावी, आणि सर्व्हरचा क्रमांक व नाव परस्परांशी जुळावेत, अशी अट आली. मायक्रोसॉफ्टने २०२५ च्या मे महिन्यापासून मोठ्या पाठविणाऱ्यांसाठी असाच नियम केला. वीस वर्षे निर्वेध चाललेली एखाद्या संस्थेची ई-मेल-व्यवस्था अचानक अडखळू लागली, याचे कारण बहुधा येथे सापडेल. संस्थेने काही बिघडविलेले नसते. विश्वासाचा जुना काळ संपलेला असतो.

७. परत आलेल्या पत्राचे वाचन

वरील इतिहासाचा व्यवहारात उपयोग कसा होतो, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. खालापूर तालुक्यातील एका शिक्षणसंस्थेचे ‘कखग.इन’ हे नाव आहे असे समजू. तिने संकेतस्थळ नव्या कंपनीकडे हलविले. दुसऱ्या दिवसापासून पालकांना पाठविलेली पत्रे परत येऊ लागली.

अशा वेळी परत आलेला मजकूर काढून टाकू नये. त्याची भाषा रुक्ष असली तरी ती निरर्थक नसते. त्यात तीन अंकी क्रमांक असतो. तो ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती, आणि सर्व्हर काही वेळाने पुन्हा प्रयत्न करील. ५ ने सुरू होत असेल तर नकार कायमचा. त्याच्यापुढे टिंबांनी तोडलेला दुसरा क्रमांक असतो. ५.१.१ असेल तर घेणाऱ्याचा पत्ताच नाही. ही जुनी, टपालाच्या काळातली चूक. ५.७.२३ म्हणजे एसपीएफ जुळली नाही, ५.७.२५ म्हणजे क्रमांकावरून नाव पडताळले गेले नाही, ५.७.२६ म्हणजे ओळखीच्या एकाहून अधिक कसोट्या फसल्या. ‘७’ या आकड्याचा अर्थ धोरण व सुरक्षितता असा आहे. तो दिसला की घेणाऱ्याचा पत्ता तपासण्यात वेळ दवडू नये, आपल्या नावाकडे वळावे.

मग क्रमाने पाहावे. प्रथम, नावाची नोंदणी जिवंत आहे काय? मुदत संपून नाव गेले असेल, तर पुढील सारी चर्चा व्यर्थ होय. दुसरे, नावाची वही सध्या कोणाकडे आहे? संकेतस्थळ हलविताना वहीदेखील नव्या कंपनीकडे गेली, आणि जुन्या वहीतील पत्रविषयक नोंदी नव्या वहीत उतरवून घेण्याचे राहिले, असे पुष्कळदा घडते. तिसरे, एमएक्स योग्य सर्व्हर दाखविते काय? कधी नव्या संकेतस्थळाचा सर्व्हर असे मानून चालतो, की या नावाचे टपाल आपल्याच घरी आहे. मग संकेतस्थळावरून संस्थेच्याच कर्मचाऱ्यांना जाणारे पत्र बाहेर न पडता तेथेच अडते.

चौथे, एसपीएफ. एका नावाला तिची नोंद एकच असावी, असा नियम आहे. पालकांना परिपत्रके पाठविणारी नवी सेवा घेतली की जुन्या नोंदीत भर घालण्याऐवजी दुसरी नोंद लिहिली जाते, आणि दोन नोंदी दिसताच तपासणारा दोन्ही निकामी ठरवितो. तपासणीत नोंदवहीकडे करावयाच्या पृच्छाही दहापेक्षा अधिक चालत नाहीत. पाचवे, डीकिम. किल्ली लांबलचक असते. वहीतील एका तुकड्यात २५५ अक्षरांपेक्षा अधिक मावत नाहीत, म्हणून ती तुकड्यांनी लिहावी लागते, आणि उतरवताना एक अक्षर गळले तरी सही जुळत नाही. सहावे, डीमार्क. नव्या संस्थेने ते प्रथम ‘केवळ पाहावे’ अशा सौम्य रूपात ठेवून, आपल्या नावाने कोण कोण पत्रे पाठविते याचे अहवाल वाचावेत, आणि मगच ते कडक करावे. सातवे, क्रमांकावरून नाव सांगणारी उलट नोंद. ती नावाच्या मालकाच्या वहीत नसते. क्रमांक ज्याचा, म्हणजे सर्व्हर पुरविणाऱ्या कंपनीचा, त्याच्या हाती असते. ती त्यांच्याकडूनच करून घ्यावी लागते.

दुरुस्ती केल्यावर फळ लगेच दिसेलच असे नाही. इतर सर्व्हर जुनी नोंद काही काळ स्मरणात ठेवतात. तो काळ वहीतच ठरविलेला असतो. अधीर होऊन तासातासाला नवे बदल केले, तर कोणत्या बदलाने काय झाले, हेच कळेनासे होते.

८. ह्रस्व-दीर्घाचा प्रश्न

आता भाषेच्या अंगाने शेवटचा मुद्दा. रोमन लिपीतील डोमेन-नावात ‘खालापूर’ लिहिले, की ‘पू’चे दीर्घत्व लुप्त होते. देवनागरीत तसे नाही. ‘.भारत’ ही देवनागरी शाखा २७ ऑगस्ट २०१४ रोजी नोंदणीस खुली झाली, आणि मराठी नावे मराठी लिपीत घेणे शक्य झाले. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनुसार ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहावयाचे असते. हिंदीत ‘पुर’ ह्रस्व लिहितात. माणूस ‘खालापूर’ आणि ‘खालापुर’ एकच गाव समजतो. नोंदवही त्यांना दोन भिन्न नावे समजते. रोमन लिपीतील मोठे व लहान अक्षर ती एकच मानते. देवनागरीतील ह्रस्व-दीर्घ मात्र तिला दोन वर्ण आहेत.

शिवाय ही देवनागरी नावे जाळ्यातून जाताना रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात बदलली जातात; २००३ साली प्रमाण झालेल्या या रूपांतराला प्युनीकोड म्हणतात. ‘@’ च्या अलीकडील भागही देवनागरीत लिहावयाचा तर २०१२ साली ठरलेली नवी पद्धत दोन्हीकडच्या सर्व्हरांना येत असली पाहिजे. नसल्यास पत्र परत येते. ‘कँपूली’च्या काळात गावाचे नाव परक्या लिपीत बिघडत होते. आज ते आपल्या लिपीत शुद्ध लिहिता येते; पण ते कोणते लेखन शुद्ध, हे लिहिणाऱ्या व वाचणाऱ्या दोघांनीही सारखेच मानले पाहिजे. शुद्धलेखनाकडे एरवी कोणी दुर्लक्ष करो. या ठिकाणी तरी त्यावाचून चालत नाही. म्हणून संस्थेने दीर्घ रूपाबरोबर ह्रस्व रूपही नोंदवून ठेवावे, हे शहाणपणाचे.

९. उपसंहार

या साऱ्या विवेचनाचा निष्कर्ष असा. पत्र पोहोचणे हे कोणाच्या तरी नावावर विश्वास ठेवण्यावर अवलंबून असते. मराठेशाहीत तो विश्वास शिक्क्यावर होता, टपालखात्यात तिकिटावर, आणि आज तो नावाच्या मालकाने उघडपणे ठेवलेल्या नोंदीवर आहे. त्यामुळे बाहेर जाणारे पत्र नाकारले गेले, तर दोष घेणाऱ्यात शोधण्यापूर्वी आपण आपल्या नावाची वही कशी ठेवली आहे, हे पाहणे प्राप्त होते.

याला तांत्रिक सोयीपलीकडे एक बाजू आहे. पत्रे परत येऊ लागली, की लहान संस्था कंटाळून एखाद्या मोठ्या कंपनीच्या फुकट पत्त्याचा आश्रय घेतात. पत्रे जाऊ लागतात हे खरे. पण संस्था मग स्वतःच्या नावाने बोलत नाही, आणि त्याच नमुन्याचा पत्ता घेऊन उद्या कोणीही तिच्या नावाने बोलू शकतो. पालकाला आलेले फी-मागणीचे पत्र शाळेचे की ठकाचे, हे ओळखण्याचे साधन त्याच्या हाती उरत नाही. लिपिक बदलतो, पत्त्याचा संकेतशब्द त्याच्याबरोबर जातो, आणि संस्थेचा दहा वर्षांचा पत्रव्यवहार हरवतो. खालापूर-कर्जतसारख्या भागातील संस्थांना स्वतःचे नाव टिकविणे म्हणूनच अगत्याचे आहे.

त्यासाठी फार काही लागत नाही. नाव कोणाकडे नोंदले आहे, मुदत केव्हा संपते, वही कोठे आहे, तिची किल्ली कोणा दोघांकडे आहे, आणि संस्थेच्या नावाने कोणकोणत्या सेवा पत्रे पाठवितात, एवढ्या पाच गोष्टी एका कागदावर लिहून तो कागद संस्थेच्या दप्तरात, मालमत्तेच्या कागदपत्रांशेजारी ठेवावा. सेवा बदलली की त्यात दुरुस्ती करावी. जमिनीचा सातबारा जपणाऱ्या समाजाला नावाचा सातबारा जपणे अवघड जाऊ नये.